तिकडून आलेले मामा

स्वतःचं बारसं लख्ख आठवणारा माणूस साऱ्या जगात एकच निघेल, आणि ते माझे मामा आहेत. मला ते बारसं आठवतं यात काही नवल नाही. मी तेव्हा चौथीत होतो आणि पंगतीत माझ्या पत्रावळीवर जिलबी दोनदा पडली होती. नवल मामांचं. त्यांना पाळण्यात घातलं तेव्हा त्यांना झुपकेदार मिशा होत्या. आत्या हयात नव्हती म्हणून नाव ठेवायचा मान त्यांच्या धाकट्या बहिणीला, म्हणजे माझ्या आईला मिळाला होता. तिनं कानात कुर्र केलं तेव्हा मामा दचकून म्हणाले होते, "हळू वं, कान हाय थो माहा!"

घडलं होतं असं. माझ्या जन्माच्याही आधी एका दुपारी मामा किन्हीराजाच्या आपल्या वावरात भाकर खाऊन पळसाखाली आडवे झाले आणि नाहीसे झाले. चपला झाडाखाली, दुपट्टा फांदीवर, बैल दाव्याला, मामा नाहीत. विहिरी उपसल्या, अकोल्यापर्यंत माणसं धाडली, मंगरूळपीरच्या दर्ग्यावर चादर बोलून झाली. शेवटी वाट पाहायची जितकी वर्षं रीत आहे तितकी पाहून घरच्यांनी पळसाच्या पानांचा पुतळा केला, त्याला अग्नी दिला, तेरवी केली, गाव जेवलं. आणि पुढच्याच वर्षी तुरी सोंगायच्या दिवसांत मामा पायी चालत घरी आले. मामी अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या. त्यांच्यासमोर उभं राहून मामा म्हणाले, "दुसऱ्या दुनियेत गेलतो. निंगाले उशीर झाला." बाजाराहून आलेला माणूस एसटी चुकल्याचं सांगतो त्याच आवाजात त्यांनी हे सांगितलं, असं मामी म्हणतात.

आता अग्नी दिलेला माणूस उंबऱ्याच्या आत घ्यायचा कसा? गुरुजींनी पोथी उघडली आणि सांगितलं की मेलेला माणूस घरात येऊ शकत नाही, त्याला पुन्हा जन्मावं लागेल. म्हणून मुहूर्त निघेपर्यंत मामा गोठ्यात राहिले. मग एक बाज कडुनिंबाच्या फांदीला चार दोरांनी टांगली, मामांना तीत निजवलं, आयाबायांनी पाळणा म्हटला आणि नाव जुनंच ठेवलं. पुन्हा जन्मलेला माणूस बिनलग्नाचा असतो हे कोणाच्या तरी ध्यानात आलं, तेव्हा महिनाभरात मामीशी त्यांचं पुन्हा लग्न लागलं. अंतरपाट दूर झाला आणि हार घालता घालता मामी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "या खेपेले कुठी जा लागन तं पयले सांगून जाजा." मांडवात हशा पिकला. मामी हसल्या नव्हत्या.

परगावी राहून आलेल्या माणसाच्या बोलण्याला एक खोड लागते. पुण्यात दोन वर्षं काढलेला आमच्याकडचा पोरगा इथल्या चहाला नावं ठेवतो. मामांचं तेच झालं, फक्त त्यांचं परगाव जरा जास्त लांब होतं. ऊन तापलं की ते म्हणत, "आमच्या तिकडं उन्हाळाच नोयता." भाजी अळणी झाली की म्हणत, "तिकडल्यापेक्षा बरी हाय, तिकडं मिरचीच नाई." माझ्या बहिणीच्या लग्नाच्या बैठकीत मुलाकडच्यांनी देण्याघेण्याची भाषा काढली, तेव्हा मामा गंभीरपणे म्हणाले, "आमच्या तिकडं नवरदेवाले पयले एक राक्षस मारून दाखवा लागे, मंग बोलनी." पाहुणे अर्धा चहा टाकून उठले. ते स्थळ कसं होतं हे पुढं कळल्यापासून बहीण दर दिवाळीला मामांना धोतरजोडी पाठवते. मामांच्या या बोलण्याची आम्ही भरपूर टिंगल केली, पण ते खोटं बोलतात असं मात्र कोणाला कधी वाटलं नाही. खोटं बोलणारा माणूस गोष्ट दर वेळी थोडी वाढवतो. मामांची गोष्ट कधी वाढली नाही.

तिकडे गेल्या गेल्या म्हणे त्यांच्या हाताला गुण आला होता. बोटाच्या इशाऱ्यावर दगड फुटायचा, वारा थांबायचा. आधी ते स्वतः राक्षसांच्या मागे हिंडले आणि मग तसाच गुण असलेल्या पोरांना शिकवायला लागले. मास्तर झाले. परत येताना मात्र तो गुण तिकडेच राहिला. "परतीच्या दारात ठेवा लागते," एवढंच ते सांगत. इथे आल्यावर कोणी पाहत नाहीसं बघून ते विडीच्या टोकाशी चिमटी नेत, क्षणभर थांबत, आणि मग निमूट खिशातून काडेपेटी काढत. मी हे पुष्कळदा पाहिलं आहे आणि प्रत्येक वेळी दुसरीकडे नजर वळवली आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्याही भागात राक्षस निघायला लागले. जऊळक्याला एकानं उभ्या उभ्या विहीर पिऊन टाकली. दुसरा रेल्वेरुळाच्या कडेनं यायचा आणि शेळ्यांच्या सावल्या खायचा. सावली गेलेली शेळी चाऱ्याला तोंड लावेना. लोक या कचेरीतून त्या कचेरीत गेले. एका साहेबांनी सांगितलं, हे वन्यप्राण्यात बसत नाही. दुसऱ्यांनी सांगितलं, ही कीड नव्हे, फवारणी काय सुचवू? मामा म्हणाले, राक्षस निघाले म्हणजे त्यांना मारणारी पोरंही निघाली असतील, फक्त आईबापांनी लपवून ठेवली असतील. ते खरं निघालं. जऊळक्याच्या मयूरीच्या आईला एके सकाळी दिसलं की पोरीनं तळहात धरला आणि ओली काटकं पेटली. तिनं आधी मयूरीच्या पाठीत दोन धपाटे घातले आणि मग तिला मामांकडे आणलं. अल्ताफ मंगरूळपीरचा, बसस्थानकाजवळच्या पंक्चरवाल्याचा मुलगा. माती त्याचं ऐकायची. तो "धर" म्हणाला की जमीन पाय धरून ठेवायची. शाळेत त्यानं एका सरांवर हा प्रयोग केला होता, तेव्हा सर घरी गेले आणि बूट वर्गात राहिले.

दोघांना वाटलं होतं, आता मंत्र शिकायला मिळणार. मामांनी त्यांना पळायला शिकवलं. वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, धोतर खोचून उभे राहत आणि सांगत, "पयले पळनं, मारनं मांगून." आमच्याकडच्या मालेगावच्या बाजारातून आणलेली एक प्लास्टिकची शिट्टी त्यांच्या गळ्यात असे. ती वाजली की हातातलं असेल ते टाकून माघारी यायचं, राक्षस अर्धा मेला असला तरी. एकदा शिट्टी झाली तेव्हा मयूरीनं समोरचा आधी पुरता जाळला आणि मग ऐटीत परत आली. मामांनी तिला महिनाभर मामींबरोबर तुरीच्या शेंगा सोलायला बसवलं. ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "मामा, मेला नं पन थो!" मामा म्हणाले, "थो मेला नसता तं उद्या आला असता. तू आली नसती तं?"

उपाशीपोटी शिकार करायची नाही हा त्यांचा दुसरा नियम, आणि तो त्यांनी इतका कडक पाळला की श्रावणात मयूरीचे सोमवार, रमजानात अल्ताफचे रोजे, आणि मधल्या सगळ्या चतुर्थ्या-एकादश्या मिळून राक्षसांना वर्षातला बराच काळ रान मोकळं असे. तिसरा नियम घरी विचारण्याचा. निघण्याआधी ते मला पोरांच्या घरी फोन लावायला सांगत आणि स्वतः ओरडून बोलत, "काकू, पोट्टीले घेऊन जाऊन राह्यलो. सांजच्याले आनून देतो." संध्याकाळी खरोखरच दारापर्यंत जात, आईच्या समोर पोराला उभं करत आणि म्हणत, "घ्या, आनलं." आईनं पोराकडे डोक्यापासून पायापर्यंत नीट पाहिल्याशिवाय ते दारातून हलत नसत. या साऱ्या ने-आणीला गाडी माझी. माझं मालेगावला औषधांचं दुकान आहे, त्यामुळे भाजल्याचं मलमही माझंच. "भाचेबुवा," मामा म्हणत, "तुमच्या हाताले गुन नाई, पन गाडीले हाय." ती गाडी सकाळी ढकलल्याशिवाय चालू होत नाही हे त्यांना चांगलं माहीत होतं.

हे नियम कुठून आले हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. रोज सकाळी मामा सूर्याला पाणी देत तेव्हा बापाचं, आजाचं, पणजाचं नाव घेऊन झाल्यावर शेवटची धार सोडताना म्हणत, "तेरू." तेरू हा त्यांचा तिकडचा चेला. किडकिडीत पोरगा. एका कानाचा शेंडा लहानपणी कशानं तरी तोडलेला. हसला की त्याला उचकी लागायची, आणि उचकी लागली की तो आणखी हसायचा. तिकडे एका डोंगराच्या पोटात मोठा राक्षस येऊन बसला होता. पाहायला लोक जमले होते. तेरू आत गेला. त्याचं काम इतकं देखणं होतं की मामा माघारीची हाक द्यायची विसरून बघत राहिले. "मले वाटलं, लोकायनंही पाहावं पोट्टं काय काय करते," ते सांगत. "मले पाहाची हाव सुटली." तेरू बाहेर आला नाही. त्याच वर्षी मामांना परतीचं दार सापडलं आणि ते निघून आले.

या गोष्टीपायी मामांना एका गोष्टीची भीती होती आणि ती त्यांनी कधी लपवली नाही. त्यांना तेरू विसरण्याची भीती वाटायची. "इथं त्याले कोनी पाह्यलं नाई," ते म्हणत. "त्याचे मायबाप तिकडं राह्यले. इथं थो निस्ता माह्या डोस्क्यात हाय. मी इसरलो तं थो दुसऱ्या खेपेले मेला." वय झालं तसं चष्मा कुठे ठेवला, बैलांसाठी ढेप आणली की नाही, हे त्यांना आठवेनासं झालं. असं काही विसरलं की ते जागच्या जागी थांबून हळूच पुटपुटत: कान, उचकी, नदीत पडला तो दिवस, भात चोरला तो दिवस. सगळं जागेवर आहे असं कळलं की मग चष्मा शोधायला लागत. तेरूच्या गोष्टी त्यांनी मयूरी-अल्ताफला इतक्या वेळा सांगितल्या की अल्ताफ त्यांची वाक्यं पुरी करायचा. मी एकदा सुचवलं, "मामा, लिवून काहून नाई ठेवत?" ते म्हणाले, "लिवलं का मानूस बेफिकीर होते. मले फिकीर पाह्यजे."

मागच्या वर्षी किन्हीराजा आणि जऊळक्याच्या मधल्या माळावर चकवा येऊन बसला. चकवा आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतो. आपल्याच वावरात माणूस फिरत राहतो आणि वाट सापडत नाही, तो साधा चकवा. हा साधा नव्हता. दुरून उन्हाच्या झळईसारखा दिसायचा, आणि त्याच्या घेऱ्यात गेलेला माणूस वाटेबरोबर बाकीचंही विसरून यायचा. एक दूधवाला बाहेर आला तो स्वतःच्या म्हशीला ओळखेना. एक शेतकरी घरी जाऊन बायकोला विचारत बसला की हे घर कोणाचं. मामांनी हा प्रकार तिकडे पाहिला होता. पोरांना समोर बसवून त्यांनी सांगितलं की चकवा आधी तेच ओढतो जे माणूस उराशी धरून असतो. एकदा ते नेलं की ते परत येत नाही. म्हणून आत जाताना मनात भुसा भरायचा: पाढे, एसटीचे थांबे, जाहिराती. ते त्याला थोडं थोडं खाऊ घालायचं. पोट भरलं की तो सुस्त होऊन खाली बसतो. मग अल्ताफनं कडेवरून त्याला मातीत धरायचं आणि मयूरीनं जाळायचं. मयूरीनं भेंडीच्या भाजीची कृती निवडली, कारण जगात तिला भेंडीइतका राग दुसऱ्या कशाचाच नव्हता. पंधरवडाभर ती मामांच्या अंगणात फेऱ्या घालत भेंडी धुवायची, पुसायची, चिरायची. मामा मध्येच विचारत, "माय आठोते का?" ती म्हणायची, "कोनाची माय?" "शाबास," मामा म्हणत. "आत माय आठवाची नाई. माय आठोली का संपलं."

या तयारीत एकच गोष्ट मोजायची राहिली होती, ती म्हणजे आमच्या लोकांची सत्काराची हौस. शिकारीच्या दिवशी माळाच्या कडेला मांडव पडला होता. खुर्च्या, माईक, बँडवाले, शाली, नारळ, जिल्ह्याहून आलेले प्रमुख पाहुणे. मामांनी सरपंचांना बाजूला घेतलं. "सत्कार आल्यावर," ते म्हणाले. सरपंच माणूस भला. ते काकुळतीला येऊन म्हणाले, "मामा, पाहुन्याले तीन वाजता दुसरीकडं उद्‌घाटन हाय. आल्यावर कसं जमन?" शेवटी असं ठरलं की पोरगी परत येईपर्यंत माईक बंद, बँड बंद. सरपंचांनी गळ्याला हात लावून शपथ घेतली. दोन्ही पोरं पोटभर जेवली, मामांनी मयूरीच्या आईची परवानगी समोरासमोरच घेतली, आणि भर दुपारी मयूरी माळावर चढली. अल्ताफ घेऱ्याच्या कडेशी उकिडवा बसला, दोन्ही तळवे मातीवर टेकून. मामा आणि मी त्याच्या मागे उभे होतो.

सुरुवात उत्तम झाली. मयूरीचा आवाज आम्हाला ऐकू येत होता. भेंडी चिरून झाली, मोहरी तडतडली, आणि ती झळई डोक्याच्या उंचीवरून कमरेपर्यंत खाली आली. मामांनी शिट्टी ओठांत धरूनच ठेवली होती. तेवढ्यात मांडवात पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं असावं. कारण कर्कश खरखर झाली आणि माईकवरून आवाज आला, "आता मी अशा वीरकन्येला जन्म देणाऱ्या माउलीला विनंती करतो, की मयूरीच्या मातोश्रींनी व्यासपीठावर येऊन शाल आणि श्रीफळाचा स्वीकार करावा!" टाळ्या पडल्या आणि टाळ्यांवर बँड सुरू झाला. मयूरीनं वळून मांडवाकडे पाहिलं. आई खुर्चीतून उठताना तिला दिसली.

मामांनी शिट्टी फुंकली. पुन्हा फुंकली. ताशापुढे तिचा आवाज मलाच धड येत नव्हता, तर तिकडे कुठून जाणार? झळई एकदम वर उसळली आणि मयूरी दगडांत खाली बसली. ती स्वतःच्या तळहातांकडे असं पाहत होती की हे कोणाचे हात, हेच तिला कळत नसावं. इकडे एका खांद्यावर शाल घेऊन तिची आई मांडवातून धावत सुटली होती आणि बायका तिला धरत होत्या. अल्ताफ ओरडला, "मामा, मी जाऊ?" मामा म्हणाले, "तू हात काढू नको. चकवा बसला का धरजो." त्यांनी शिट्टी गळ्यातून काढून माझ्या हातात दिली आणि ते चालायला लागले. पळालेसुद्धा नाहीत. वावरात जायला निघतात तसे निघाले.

मला वाटलं, ते पाढे म्हणत जातील. पण घेऱ्यात पाय टाकता टाकता त्यांनी मोठ्यानं आवाज दिला, "तेरू!" आणि ते सांगायला लागले. एका कानाचा शेंडा तुटका. हसला का उचकी लागे. नदीत पडला थ्या दिवशी वर येऊन पयले मलेच हसला. कडबा दाखवून बैलाला गोठ्याकडे वळवावं तसे ते एकेक गोष्ट पुढे करत मयूरीपासून दूर चालले होते, आणि झळई तिला सोडून त्यांच्याकडे वळत होती. ते काय करताहेत हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी गळा फाटेस्तोवर ओरडलो, "पाढे म्हना मामा! पाढे म्हना!" त्यांनी मागे पाहिलं नाही. आवाज हळूहळू मंदावला. भात चोरल्याच्या गोष्टीत ते अर्ध्यावर थांबले, शब्द शोधला, सापडला, पुढे गेले. मग म्हणाले, "थो पोट्टा... थ्या पोट्ट्याचा कान..." आणि गप्प झाले.

चकवा त्यांच्या पायाशी खाली बसला. भरपेट जेवलेल्या जनावरासारखा जड, मातकट, हलेना असा. अल्ताफ रडत रडत "धर" म्हणाला आणि मातीनं धरलं. मयूरीचं काही पुरतं ओढून नेण्याआधीच झळई वळली होती, त्यामुळे ती भानावर येऊन उठली होती. समोर कोण उभं आहे हे तिनं पाहिलं आणि तिनं जो जाळ केला तसा मी आधी कधी पाहिला नाही, पुढेही पाहू नये. धूर मांडवापर्यंत आला तेव्हा कुठे बँड थांबला.

मामा मयूरीचा हात धरून खाली आले. तिला आईच्या समोर उभं करून म्हणाले, "घ्या काकू, आनली." मग पाणी प्यायले आणि मला विचारलं, "भाचेबुवा, एवढे लोक कायले जमले?" त्यांना मी आठवत होतो, मामी, वावर, बैलांची नावं, ही दोन पोरं, सगळं जागच्या जागी होतं. फक्त तिकडचं गेलं होतं. सगळं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम गेलो. त्यांनी सूर्याला पाणी दिलं, बापाचं, आजाचं, पणजाचं नाव घेतलं आणि थांबले. तांब्यात थोडं पाणी उरलं होतं. त्याच्याकडे पाहत ते बराच वेळ उभे राहिले, कोणाचं तरी राहिलं आहे पण कोणाचं ते कळत नाही, असे. मग त्यांनी ते तुळशीला घातलं. मी आत जाऊन मामींना हे सांगितलं. मामी म्हणाल्या, "इतकी वर्सं म्या म्हनत होती, थ्या दुनियेचं नाव काढू नका. आता वाटते, एकडाव काढावं."

आता शिकवायचं काम मयूरी आणि अल्ताफ करतात. मालेगावकडची, रिसोडकडची नवी पोरं आली आहेत. त्यांनाही आधी पळायलाच लावतात. मामा अंगणातल्या बाजेवर बसून हे सगळं कौतुकानं बघतात. तब्येत चांगली आहे. विडी काडेपेटीनंच पेटवतात, मध्ये थांबत नाहीत. ते पाहून मला बरं वाटायला हवं. वाटत नाही. उन्हाळा आला आणि "आमच्या तिकडं" ऐकू आलं नाही तेव्हा तर मला त्या बिनउन्हाळ्याच्या दुनियेची अशी आठवण झाली, की जणू मीच तिथे राहून आलो होतो. गावातल्या लोकांच्या तोंडी अजून त्या सत्काराच्या गोष्टी आहेत. सरपंच मामांसमोर आले की मान खाली घालतात, आणि त्यांनी मान का घातली हे मामांना माहीत नाही.

परवा दुपारी मी गेलो तेव्हा सराव संपला होता. पोरं बाजेभोवती बसली होती आणि मयूरी त्यांना तेरूच्या गोष्टी सांगत होती. नदीत पडल्याची सांगितली, भात चोरल्याची सांगितली, आणि तो डोंगरातल्या मोठ्या राक्षसाकडे निघाला तिथे येऊन थांबली. उचकीची नक्कल अल्ताफनं केली आणि पोरं लोळून हसली. मामाही हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग ते म्हणाले, "लय गुनी पोट्टं होतं वं. मंग मोठ्या राक्षसाच्या तिकडं गेलं, त्याचं काय झालं?"

अल्ताफ मातीकडे पाहायला लागला. मयूरीला ती गोष्ट आम्हा सगळ्यांपेक्षा चांगली पाठ होती. तिनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि मग मामांकडे वळून म्हणाली, "आला नं मामा. उशीर झाला त्याले. पन आला."

मामांनी सुटकेचा श्वास टाकला, जणू इतका वेळ तो धरून ठेवला होता. "त्याच्या मास्तरले लय बरं वाटलं असन," ते म्हणाले.

मयूरी "हो" म्हणाली आणि पाणी आणते म्हणून आत गेली. ती बराच वेळ बाहेर आली नाही. मामा बाजेवर आडवे झाले, दुपट्टा तोंडावर ओढला, आणि पोरांना गप्प बसवता बसवताच त्यांना झोप लागली.